तक्रार पत्र : रिंगेची पिन सुटली, ब्लॉक खराब झाला आणि तुम्ही कूपन पाठवलंत

भुसावळ, जि. जळगाव
दि. १६ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आर एक्स १०० च्या ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन किटमधील दोष व त्यामुळे झालेले नुकसान (ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)

महोदय / महोदया,

तुमच्या साइटवरून मी ३ मार्चला यामाहा आर एक्स १०० या मोटारसायकलचा पिस्टन किट मागवला. पिस्टन, दोन रिंगा, गजन पिन आणि लॉक, असे एकूण ४,२५० रुपये. साध्या दुकानात हाच किट याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतो, हे मला माहीत होतं. जादा पैसे मी तुमच्या जाहिरातीतल्या तीन शब्दांसाठी मोजले : ‘जपानी, ओरिजिनल, जुना स्टॉक’. १३ एप्रिलला, रविवारी सकाळी, तो पिस्टन माझ्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तो ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरमध्ये, अडकला. दुसऱ्या दिवशी मी फोटोंसह तक्रार केली. त्यानंतर तुमच्याकडून तीन उत्तरं आली. तिन्ही वाचून खात्री झाली की ती लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदाही टू-स्ट्रोक इंजिन उघडलेलं नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे. कृपया इंजिन उघडलेल्या माणसापर्यंत पोहोचवावं.

आधी गाडीबद्दल. आर एक्स १०० भारतात १९८५ साली आली, एस्कॉर्ट्सने आणली. सुझुकी टीव्हीएसबरोबर, होंडा हिरोबरोबर, कावासाकी बजाजबरोबर, असा तो काळ होता. माझ्या वडिलांनी १९९१ साली ही गाडी घेतली तेव्हा गल्लीत सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. शेजारच्या नानांनी हिरो होंडा घेतली होती आणि ते दर रविवारी ओट्यावर बसून ॲव्हरेज सांगायचे. वडील ऐकून घ्यायचे आणि किक मारायचे. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. यावलच्या शेतावर जाताना मागे केळीचे दोन घड बांधलेले असले तरी गाडी चढाला कुरकुरायची नाही. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि २००४ च्या सुमारास आमची गाडीही खळ्यात ताडपत्रीखाली गेली.

मी रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये काम करतो. अडीच वर्षांपूर्वी ती ताडपत्री काढली. टाकीतला गंज व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून हलवून काढला, दोन्ही हात आठवडाभर दुखत होते. मिकुनी कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं होतं, ते नव्याने ओढलं. मडगार्डला क्रोम करून आणलं. हे सगळं पैसे टाकले की होतं. पण हेड उघडलं तेव्हा एक गोष्ट दिसली, तिच्यासाठी मी मिठाई वाटायची तेवढी बाकी ठेवली होती : ब्लॉक स्टँडर्ड होता. एकदाही बोर न केलेला, म्हणजे आतून कापून मोठा न केलेला. पिस्टनवर कारखान्याची खूण तशीच. आज आर एक्स १०० चे जे ब्लॉक बाजारात येतात ते बहुतेक शेवटच्या ओव्हरसाइजवर, म्हणजे कापून वाढवलेल्या शेवटच्या मापावर, पोहोचलेले किंवा आतून नवी नळी (स्लीव्ह) टाकलेले असतात. वडिलांनी तेरा वर्षं तेलाची टाकी कधी कोरडी पडू दिली नाही, त्याचं हे फळ.

तुमच्या ग्राहक सेवेतल्या व्यक्तीने मला विचारलं होतं, ‘सर, एका पिस्टनसाठी तुम्ही इतके का चिडता?’ त्याचं उत्तर इथे देतो. या ब्लॉकचा मूळ बोर, म्हणजे आतला व्यास, ५० मिमी. झीज झाली की पाव पाव मिमीने वाढवत जायचं : ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१. चार पायऱ्या. त्यानंतर कंपनीचा पिस्टन नाही. पिस्टन बाजारात पुन्हा मिळतो, ब्लॉकचा कापलेला धातू परत येत नाही. म्हणून हा छंद असलेला माणूस पायरी उतरताना दहा वेळा विचार करतो. आमचा ब्लॉक थोडा अंडाकृती झाला होता, पण ०.२५ वर साफ होत होता. एकच पायरी, तीही चौतीस वर्षांनी.

किट मी डोळे झाकून बसवला नाही. जळगावला आमचे बोरिंगवाले जिभाऊ आहेत, मूळचे अमळनेरकडचे. पिस्टन हातात आल्याशिवाय ते ब्लॉकला टूल लावत नाहीत. पिस्टन मोजून त्याला दीड थाऊ, म्हणजे मिलिमीटरचे जेमतेम चार शतांश, एवढी जागा ठेवून त्यांनी बोर मारला आणि आतून दगडाने घासून होनिंग केलं. मी घरी आणून बोअर गेजने तीन ठिकाणी, आडवं-उभं, पुन्हा मोजलं. रिंग बोरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने तिच्या तोंडांमधली फट पाहिली, ०.२० मिमी. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे. पोर्टच्या कडांचा धारदारपणा बारीक कागदाने मोडला. तेलाचा पंप चालू असूनही पहिल्या टाकीत लिटरला २० मिली तेल वरून घातलं. यातली एकही गोष्ट चुकली असती तर हे पत्र मी लिहिलंच नसतं, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला असता.

तीन दिवस पहाटे थोडी थोडी चालवली. चौथ्या दिवशी, एकूण ३८ किलोमीटर झाले असताना, यावल रस्त्यावर तापीचा पूल ओलांडला आणि इंजिनातून ‘चर्र’ असा आवाज आला. पाटीवर खिळा ओढल्यासारखा. पुढच्या क्षणी मागचं चाक अडकलं. डावा हात क्लचवरच होता, सवय आहे, म्हणून गाडी सरळ थांबली. वेग चाळीसच्या आत होता. केळी भरायला चाललेल्या एका पिकअपवाल्या भाऊने गाडी वर घेतली आणि भाड्याचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी हेड आणि ब्लॉक काढला. इथून पुढचा भाग कृपया नीट वाचावा, कारण तुमची तिन्ही उत्तरं याच जागी चुकतात.

टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला भिंतीत खिडक्या असतात, पोर्ट. रिंगेची दोन तोंडं जर फिरत फिरत खिडकीसमोर आली तर ती बाहेर डोकावतात आणि खिडकीच्या कडेला अडकतात. हे होऊ नये म्हणून पिस्टनच्या प्रत्येक खाचेत एक बारीक पिन ठोकलेली असते, तांदळाच्या कणीएवढी. रिंगेची तोंडं त्या पिनला धरून बसतात आणि आयुष्यभर दोन खिडक्यांच्या मधल्या भरीव भिंतीवरच वर-खाली होतात. तुमच्या पिस्टनच्या खालच्या खाचेतली ही पिन जागेवर नव्हती. तिचं भोक रिकामं होतं. रिंग फिरली, तोंड पोर्टमध्ये अडकलं, रिंगेचा सुमारे एक सेंटिमीटरचा तुकडा पडला आणि त्याने पोर्टच्या कडेपासून खाली एक उभी रेघ ओढली. नखाला सहज लागते अशी. पिनचा चपटा झालेला तुकडा मला ब्लॉकखालच्या क्रँककेसच्या तोंडाशी सापडला, तो मी कागदाच्या पुडीत जपून ठेवला आहे.

मग मी वरच्या खाचेतली पिन पाहिली. ती जागेवर होती, पण दाभणाच्या टोकाने ढकलली तर हलते. या पिना दाबून, घट्ट बसवलेल्या असायला हव्यात. म्हणजे एक पिन माझ्या हातून निघाली असं म्हणायलाही जागा राहिली नाही. ब्लॉक पाहून जिभाऊ अहिराणीत एवढंच म्हणाले, ‘भाऊ, हाई पाप पिस्टननं शे, मन्हं नही.’

तुमचं पहिलं उत्तर : ‘आपल्या भागातील जास्त तापमानामुळे इंजिन गरम होऊन सीझ झाले असावे.’ खान्देशात मे महिन्यात पारा ४५ वर जातो हे खरं आहे, आणि भुसावळचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे याचं कौतुकही वाटलं. पण ही घटना एप्रिलमधली, सकाळी सव्वासहाची. उष्णतेने पिस्टन धरला तर पिस्टनच्या अंगावर, बहुधा सायलेन्सरच्या बाजूला, रुंद पट्टे उठतात, ॲल्युमिनियम बोरला फासलं जातं. इथे पिस्टनचं अंग स्वच्छ आहे आणि रेघ एकच, रिंगेच्या तोंडाच्या ओळीत. प्लग काढून पाहिला तर चहाच्या रंगाचा. मिश्रण कोरडं असतं, म्हणजे पेट्रोल कमी पडत असतं, तर तो पांढरा पडला असता. तुम्हाला पाठवलेल्या तिसऱ्या आणि पाचव्या फोटोत हे स्पष्ट दिसतं. फोटो कोणी उघडले होते का?

दुसरं उत्तर : ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न बसवल्याने वॉरंटी लागू नाही.’ जी गाडी १९९६ साली बंद झाली तिचा ब्लॉक बोर करून देणारं अधिकृत सेंटर माझ्या जिल्ह्यात कुठे आहे, तो पत्ता पाठवावा. मी लगेच जातो. ही अट लागू करायची तर तुमच्या दुकानातला एकही भाग कोणालाच बसवता येणार नाही. तुमचे सगळे ग्राहक माझ्यासारखे किंवा आमच्या जिभाऊंसारखेच आहेत.

तिसरं उत्तर : पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट. यावर काय लिहायचं ते सुचलं नाही.

आता ‘जपानी’ या शब्दाबद्दल. डबा मी गॅलरीत ठेवला होता. आठवड्याभराच्या उन्हात त्यावरचा जपानी अक्षरांचा स्टिकर कडेने सुटला. खाली दुसऱ्याच मॉडेलचा क्रमांक छापलेला निघाला. डब्यावर उत्पादकाचं नाव नाही, आयातदाराचं नाही, महिना-वर्ष नाही. आयात केलेला माल असेल तर हे सगळं डब्यावर असायला लागतं, आणि ऑनलाइन विकताना मूळ देशही खरा लिहावा लागतो. हा पिस्टन कुठे तयार झाला हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर लेखी कळवा, तुम्हालाही माहीत नसेल तर तसं कळवा.

नुकसानीचा हिशोब असा. किटचे ४,२५० रुपये, वाया गेलेल्या बोरिंगचे ८००, गॅस्केटचे ३५०, आणि रिंगेचा चुरा आत गेल्यामुळे क्रँककेस उघडून बेअरिंग आणि ऑइल सील बदलावे लागले त्याचे २,६४०. एकूण ८,०४० रुपये. सगळ्या पावत्या सोबत आहेत. रेघ मोजली तर दोन दशांश मिमी खोल भरली. ०.५० वर बोर मारला तर भिंतीतून त्यापेक्षा कमी धातू निघतो, म्हणजे रेघ तशीच राहते. त्यामुळे थेट ०.७५ वर जावं लागतंय. वडिलांनी तेरा वर्षांत एकही पायरी वापरली नाही. तुमच्या पिस्टनने ३८ किलोमीटरमध्ये तीन संपवल्या, आता एकच उरली. याची किंमत मला काढता येत नाही. तुम्ही काढून कळवावी.

‘स्लीव्ह टाकून घ्या’ असा सल्ला फोनवर मिळाला होता. स्लीव्ह म्हणजे सगळे पोर्ट हाताने पुन्हा कापणं. यामाहाच्या इंजिनिअरांनी ज्या उंचीवर ते ठेवले तिथे तंतोतंत येतील याची हमी आमचे जिभाऊसुद्धा देत नाहीत. तो शेवटचा उपाय आहे, तुमच्या सोयीचा पहिला नव्हे.

पैशांपेक्षा मोठी एक मागणी आहे. हा किट अजून तुमच्या साइटवर विक्रीला आहे, काल रात्री पाहिला. याच खेपेतला पिस्टन घेऊन कोणी कन्नडचा घाट उतरत असेल, मागे बायको-पोर बसलेलं असेल आणि वेग सत्तर असेल, तर चाक अडकल्यावर काय होईल? विक्री आजच थांबवावी आणि ज्यांना हा किट गेला त्या प्रत्येकाला ‘पिना तपासा, गाडी चालवू नका’ असं कळवावं. तुमच्याकडे सगळ्यांचे फोन नंबर आहेत. दिवाळीच्या ऑफर बरोबर पोहोचतात.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. माझा महिना १४ मे रोजी संपला. या पत्रानंतर पंधरा दिवसांत रक्कम आणि लेखी खुलासा आला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो तिथेच दाद मागता येते, त्यामुळे मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही, तुम्हाला आमच्याकडे यावं लागेल. या रकमेच्या तक्रारीला फीही नाही.

पिस्टन ‘तपासणीसाठी’ कुरिअरने पाठवा असं तुम्ही लिहिलं आहे. तो मी पाठवणार नाही, तो एकमेव पुरावा आहे. तुमचा माणूस इथे येऊन पाहू शकतो. पिस्टन, तुटलेली रिंग, पिनची पुडी आणि स्टिकर सुटलेला डबा, सगळं टेबलावर मांडून ठेवतो, मोजायला मायक्रोमीटरही देतो. या महिन्यात माझी ड्युटी दुपारी दोनपासून आहे, तेव्हा सकाळी यावं.

आपला ग्राहक,
(सही)
भुसावळ

ता. क. : ०.७५ चा पिस्टन मी दुसरीकडून मिळवला आहे. कृपया बदली माल म्हणून तुमचा पाठवू नये.