प्रगतिपुस्तक पालकांसमोर उलगडून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर शाळांमधून पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके वाटली जातात. पालक येतात, ‘ब-१’, ‘क-२’ यांवरून नजर फिरवतात, ‘पास आहे ना, बाई?’ एवढे विचारतात आणि सही करून कामावर निघून जातात. प्राथमिक शाळेत शिकवत असताना हे वर्षानुवर्षे पाहिले. दोष पालकांचा नाही. त्यांच्या काळी गुण आणि नंबर असत. श्रेणी त्यांना कुणी नीट सांगितलीच नाही.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, म्हणजे नुसत्या परीक्षेवरून नव्हे, तर मुलाच्या सत्रभराच्या कामावरूनही श्रेणी ठरते. ‘ब-१’ म्हणजे ७१ ते ८० टक्के, हे एका वाक्यात सांगता येते. अडते ते पुढे. पहिली-दुसरीला शंभरपैकी ७० गुण आकारिक, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, शिक्षकांचे रोजचे निरीक्षण यांचे. सत्राअखेरच्या संकलित परीक्षेचे फक्त ३०. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. त्यामुळे बोलण्यात, कृतीत चुणचुणीत पण लिहिण्यात मागे असलेले मूल वरच्या वर्गात एकदम खाली येते. घरच्यांना वाटते, पोराचे लक्ष उडाले. मग मार, मोबाइल बंद, नाही तर महागडी शिकवणी. खरी गरज असते ती रोज पानभर लिहिण्याची.

वर्णनात्मक नोंदींचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने त्या एका मुलाविषयी बोलण्यासाठी आहेत. तिथे चाळीस मुलांना ‘अभ्यासात सातत्य हवे’ असे लिहून आईच्या हाती काय लागणार? ‘हातच्याची वजाबाकी चुकते, पाढे पक्के आहेत’ असे लिहिले तर अक्षरओळख बेताची असलेली आईसुद्धा शेजारच्या ताईकडून ते वाचून घेईल आणि घरी काय करायचे ते तिला कळेल. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा किती आहे, हे मी जाणते. तरीही ही एक ओळ मनापासून लिहिली जावी.

पाचवी आणि आठवीच्या पालकांना तर हे सांगायलाच हवे. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हा समज गावोगावी अजून पक्का आहे. नियम बदलून २०२३-२४ पासून या दोन्ही वर्गांना वार्षिक परीक्षा लागू झाली; अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, तीही न जमल्यास त्याच वर्गात राहावे लागते. ही गोष्ट मे महिन्यात निकाल हाती आल्यावर कळून उपयोग नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी ठराव करून सत्राच्या निकालानंतर एक पालकसभा फक्त यासाठी ठेवावी आणि ती संध्याकाळी घ्यावी, म्हणजे मजुरीला जाणाऱ्यांचा दिवस बुडणार नाही. प्रगतिपुस्तकाबरोबर मुलाची उत्तरपत्रिका आणि वही समोर असावी. पालकांनीही सही करण्याआधी बाईंना, सरांना एवढे जरूर विचारावे: माझ्या मुलाला काय येते, कुठे अडते आणि घरी आम्ही काय करून घेऊ?

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा