३१व्या दिवशी गोळ्या कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी जवळ आली की चर्चच्या मिशन ट्रिपचे फॉर्म भरायची गडबड सुरू होते. दोन आठवडे परदेशात जाऊन सेवा करायची म्हणून तरुण मुलंमुली अगदी मनापासून तयार होतात, पण जाऊन आलेल्यांकडून त्यांना ऐकायला मिळतं ते बहुतेक "जा, खूप छान अनुभव असतो" एवढंच. म्हणून हे पत्र. मी चर्चच्या टीमबरोबर आफ्रिकेतल्या एका गावात मेडिकल कॅम्पला गेले होते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, माझ्याकडे केसपेपर लिहायचं काम होतं आणि दुपारनंतर चष्म्यांचं टेबल.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच खूप चांगलं होतं. साठीच्या आसपासचे एक शिंपी आले होते. बरीच वर्षं सुईत दोरा ओवायला त्यांना नातवाला हाक मारावी लागायची, तो शाळेत गेला की मशीन बंद. मी त्यांना अडीच नंबरचा चष्मा दिला, त्यांनी तो घातला, शर्टाच्या कॉलरमागे खोचलेली सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि एका फटक्यात ओवलं. मग दोरा बाहेर काढला आणि परत ओवला. असं चार वेळा केलं, मागे एवढी मोठी लाईन होती पण कोणी घाई केली नाही, सगळे बघत होते. जवळचं कमी दिसणं हे चाळिशीनंतर जगात सगळ्यांचंच होतं, त्याला ऑपरेशन लागत नाही, साधा चष्मा बरोबर नंबरचा दिला की त्या माणसाचा धंदा परत सुरू. त्या रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो तेव्हा मला रडू आवरेना.

पण त्याच दिवशी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, सकाळी एक आजी आल्या होत्या. बीपी वरचं १९०, खालचं ११०. डॉक्टरांनी तपासून ३० गोळ्या दिल्या, उद्या सकाळपासून रोज एक. आजींनी गोळ्या ओढणीसारख्या कापडाच्या टोकात गाठ मारून बांधल्या आणि दुभाष्याला विचारलं, संपल्या की परत इथेच यायचं ना? आमचा तंबू दोन दिवसांत तिथून उठून पुढे जाणार होता. जवळचा सरकारी दवाखाना पायी अर्ध्या दिवसावर, आणि तिथे बीपीच्या गोळ्या कधी असतात कधी नसतात. बीपीचं औषध बहुतेकांना कायम घ्यावं लागतं, मध्येच बंद झालं की बीपी परत चढतं, हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी आम्ही पुढचा केसपेपर घेतला.

मलेरिया होऊ नये म्हणून मी डॉक्सीसायक्लिनची गोळी घेत होते, ती परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यावी लागते. चौदाव्या दिवशी आम्ही निघालो, घरी आले, ऑफिस सुरू झालं, पण सकाळी गोळी घेताना रोज आजी आठवायच्या आणि मी मनात मोजायचे, आता त्यांच्याकडे दहा उरल्या असतील, आता चार. त्यांच्या संपल्या त्या दिवशी माझ्या पाकिटात अजून नऊ होत्या. मला आजार नव्हता तरी माझ्या गोळ्या पुरल्या. हे मी कोणाला सांगूच शकत नव्हते, सगळे म्हणायचे फोटो दाखव ना. परत आल्यावरचे ते दिवस तिथल्या उन्हापेक्षा आणि पोट बिघडण्यापेक्षा अवघड गेले, आणि याची तयारी कोणी करून घेत नाही.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. बऱ्याच ट्रिपमध्ये अनाथाश्रमाची भेट असते, तिकडे जाऊ नका असं मी हात जोडून सांगते. आठवडाभर लळा लावायचा आणि निघून जायचं, मग पुढची टीम येते आणि मुलं परत तेच सोसतात. शिवाय अशा संस्थांमधल्या किती तरी मुलांचे आईवडील जिवंत असतात, फक्त गरीब असतात. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमधून एक मिशन ग्रुप ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय शेजारच्या देशात नेताना पकडला गेला, त्यातल्या अनेकांचे आईवडील हयात होते. चांगल्या हेतूनं केलं म्हणून त्या आयांना काय फरक पडतो? २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनंसुद्धा बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या अशा व्हॉलंटियरिंगमुळे होणाऱ्या नुकसानाची दखल घेतली आहे.

जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. पैसे भरायच्या आधी विचारा की हे काम तिथल्या कोणी मागितलंय का, आपण निघाल्यावर ते कोण पुढे नेणार, आणि आपण जे करणार ते करणारा माणूस तिथे आधीच आहे का, असेल तर त्याचा पगार निघेल एवढी मदत करता येईल का. (आणि यलो फीव्हरची लस वेळेत घ्या, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, आमच्यातल्या एकाला त्यापायी तिकीट बदलावं लागलं.)

आमची टीम यंदा परत जाणार आहे. या वेळी आम्ही आधी त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सताईंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी यादी पाठवली. बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या, दोन बीपी मशीन, वाचायचे चष्मे दोन ते तीन नंबरचे जास्त. माणसं किती हवीत ते त्यांनी लिहिलंच नव्हतं, मग आम्ही परत विचारलं तर म्हणाल्या, चष्म्याचा नंबर तपासायला शिकवणारं एक जण पाठवा, बाकीच्यांच्या तिकिटाच्या पैशांत गोळ्या पाठवा. जाणारं ते एक जण मी नाही, आमच्यातल्या ऑप्टिशियन ताई जातायत. त्या आजींचं नाव आणि गाव मी त्यांच्याकडे लिहून दिलंय.

आपली,
एक वाचक