लायसन्स अडकलं ते बरोबरच, पण टेम्पोचं काय?

संपादक महोदय,

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना मोकळं सोडू नका, अशी पत्रं तुमच्याकडे वरचेवर छापून येतात. ज्याला सोडू नये त्यांतलाच मी एक.

चाळीत पुतण्याची हळद होती. एक क्वार्टर पोटात गेली होती. रात्री पाऊण वाजता बर्फ संपला म्हणून, बायको नको नको म्हणत असताना, मी स्कूटर काढली. लालबागच्या पुलाखाली नाकाबंदी होती. हवालदाराने मशीनला नवी नळी लावली. मी चलाखी करून गालातल्या गालात फुंकलं, तर म्हणाला, "काका, पोटातून." आकडा आला ७१. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम. वाद घालायला जागाच नव्हती.

कोर्टात गुन्हा कबूल केला, १०,००० रुपये भरले. २०१९ च्या आधी हाच दंड २,००० होता, ही माहिती बाकावर शेजारी बसलेल्या जुन्या खेळाडूने पुरवली. लायसन्स आरटीओकडे गेलं आणि ३ महिन्यांसाठी निलंबित झालं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

पण स्कूटर आणि टेम्पो एकाच कार्डावर आहेत, आणि घर चालतं ते टेम्पोवर. पहाटे तीनला वाशी मार्केटला जायचं, माल भरायचा, साडेपाचच्या आत दादरला उतरवायचा. आज माझ्या छोट्या हत्तीवर बदली ड्रायव्हर आहे, रोजचे ९०० रुपये घेतो. गाडीचा हप्ता ११,४०० आहे तो आहेच. मार्केटमधले सगळे एकच सांगतात, "चालव रे, पहाटे तीनला कोण बघतंय?" निलंबित लायसन्सवर गाडी चालवली तर आणखी १०,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. त्यात कुणाला ठोकलं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे माझ्याकडूनच वसूल करणार. म्हणून मी चालवत नाही. चालवणारे मात्र मला रोज दिसतात, आणि माझा मुद्दा तोच आहे.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे पहिल्यांदा पकडल्या गेलेल्याला बंधनं घातलेलं लायसन्स मिळू शकतं, असं तो सांगतो. एक तर फक्त कामावर आणि दारूबाबतच्या सक्तीच्या वर्गाला जाण्यायेण्यापुरतं. नाहीतर गाडीत फुंकायचं मशीन बसवून घ्यायचं. फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि चालू गाडीतही ते मध्येच पुन्हा फुंकायला लावतं. वर्गात नाव घातल्याचा आणि विम्याचा दाखला द्यावा लागतो तो वेगळाच. तिथली मर्यादा आपल्या हिशेबात ८० म्हटल्यावर मी खुशीत येऊन म्हणालो, "म्हणजे मी सुटलो असतो!" तो म्हणाला, "मामा, धंद्याच्या मोठ्या गाडीला तिथे ४० च आहे. आणि मोठ्या ट्रकवाल्याचं ट्रकचं लायसन्स घरच्या गाडीवर पकडला तरी वर्षभर जातं. त्याला ट्रकसाठी सवलत नाही." हेही इथे सांगतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं व्हायचं.

आपल्या मोटार वाहन कायद्यात मार्ग आणि वेळ बांधून देणारं असं लायसन्स नाही. मात्र कलम १९ आणि २० नीट वाचा. सगळ्या प्रकारच्या वाहनांपुरती किंवा त्यांतल्या ठरावीक प्रकारापुरती बंदी घालता येईल, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे तारतम्याला जागा आहे. माझ्या बाबतीत ते कुणी वापरलं नाही, आणि मीही मागितलं नाही, कारण वकिलाने फक्त "कबूल करा आणि मोकळे व्हा" एवढंच सांगितलं होतं. स्कूटरवर पिणारा टेम्पोवर पिणार नाही कशावरून, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. म्हणूनच मशीन हवं.

परिवहन खात्याने निदान पहिल्या गुन्ह्यासाठी, ज्यात कुणाला इजा झालेली नाही, एवढं करून बघावं: वाशी ते दादर, पहाटे तीन ते सात, फुंकल्याशिवाय गाडी चालू नाही. एकदा जरी मशीनने दारू पकडली तरी लायसन्स कायमचं रद्द करा. मशीनचा खर्च गाडीवाल्याच्या माथी मारा. ३ महिने बदली ड्रायव्हरला देऊन झाल्यावर तो मला फार वाटणार नाही.

आपला,
एक टेम्पोचालक, काळाचौकी