टॉर्च धरल्याबद्दल

काका,

हे पत्र आपल्या सगळ्या सायकल ग्रुपच्या वतीने लिहायचं ठरलं होतं. मसुदाही तयार झाला होता, 'आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल' वगैरे. वाचून दाखवताना मलाच हसू फुटलं. तुम्ही त्याच्या दोन ओळीही पुऱ्या वाचल्या नसत्या. मग सगळ्यांनी काम माझ्यावर ढकललं. म्हणाले, तू तुझं तिसरं पंक्चर लिही. तेवढंच लिहिते.

त्याआधी मी कुठून आले होते ते तुम्हाला माहीत आहे. दुकानदाराने एक साइज मोठी फ्रेम गळ्यात मारली होती आणि गुडघे दुखतात म्हटल्यावर 'सवय होईल' म्हणाला होता. आधीच्या ग्रुपच्या टीशर्टांवर पाठीमागे मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'कोणीही मागे राहणार नाही'. पहिल्याच राइडला माझी हवा गेली आणि ते वाक्य मी नीट वाचलं, कारण सगळ्या पाठी माझ्याकडेच होत्या. एकेक करत लांब गेल्या. चुकून कोणी थांबलंच, तर 'दे इकडे' म्हणून चाक हातातून ओढून घ्यायचं, दहा मिनिटांत बसवायचं आणि वर चार लोकांना सांगायचं. थांबले म्हणून आभारच मानायचे, पण पुढच्या पंक्चरला मी पुन्हा कोरीच.

मग ती तीनशेची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. ३०० किलोमीटरला २० तास म्हणजे ताशी १५. ऐकायला काहीच वाटत नाही. पण खाणं, थांबणं, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घेणं आणि पंक्चर काढणं, सगळं त्यातच. मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही. २३० व्या किलोमीटरला माझं मागचं चाक तिसऱ्यांदा बसलं. रात्रीचे दहा, हातात चार तास, पुढे ७० किलोमीटर. दोन्ही जादा ट्यूब संपलेल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून रडत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

तुम्ही मागून आलात, सायकल आडवी केली, हँडलवरचा टॉर्च काढला आणि माझ्या चाकावर धरलात. बस.

मी वाट बघत होते की आता 'दे इकडे' येईल. आलं नाही. ट्यूब बाहेर काढताना माझी सावली चाकावर पडली, तर तुम्ही काही न बोलता उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसलात. पॅच चिकटवायची मला घाई झाली तेव्हा एकच वाक्य: "आधी टायरच्या आतून बोट फिरव. सावकाश." बोटाला काहीतरी टोचलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर पडते तसली तार, केसाएवढी. दोन ट्यूब खाल्ल्या होत्या तिने आणि मी वेड्यासारखी ट्यूब बदलत होते. मग दुसरं वाक्य: "टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी आणून बसव. म्हणजे पुढच्या वेळी ट्यूबचं भोक सापडलं की टायरमध्ये कुठे शोधायचं ते कळेल." बावीस मिनिटं लागली मला. तुमचीही तेवढीच गेली, आणि घड्याळ तुमचंही चालूच होतं. पुढचे ७० किलोमीटर तुमच्या चाकाला चिकटून, तुम्ही फोडलेल्या वाऱ्याच्या आडोशाने आले. शेवटचा शिक्का पडला तेव्हा अकरा मिनिटं शिल्लक होती.

मदत करणारी माणसं मला तशी बरीच भेटली. पण मदत घेतल्यावर आपण लहान झालो असं ज्यांच्यापाशी वाटत नाही, ती फार थोडी. सायकलवाल्यांमध्येच नाही, कुठेही. (घरातही नाही, पण तो विषय वेगळा.)

तुमचा आजार आम्हाला उशिरा कळला, त्याची लाज वाटते. तुम्ही रूट चिठ्ठीवर लिहून द्यायचात. अक्षर महिन्या-महिन्याने बारीक होत गेलं आणि आम्ही चेष्टा केली की काका कागद वाचवतायत. पार्किन्सन्समध्ये अक्षर असं आक्रसतं, हे आम्ही नंतर वाचलं. मग दारातून निघताना पाय उंबऱ्यापाशीच खिळायला लागले, तेव्हा तुम्ही ग्रुपमधून नाव काढायला सांगितलंत. नाव काही काढलेलं नाही.

त्याच काळात कोणीतरी ती २०१० सालची नोंद शोधून आणली. नेदरलँड्समधला ५८ वर्षांचा माणूस, पार्किन्सन्समुळे चार पावलं टाकताना अडखळून पडणारा, पण सायकलवर बसवल्यावर सरळ चालवत गेला. बास्टियान ब्लूम आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी त्याचा व्हिडिओच प्रसिद्ध केला होता. फिरत्या पेडलांमुळे पायांना ठेका मिळत असावा, असा एक अंदाज. आमच्यातल्या निम्म्यांना तो व्हिडिओ बघून बोलता येईना. तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर टँडेम आली, दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल. जन्मभर पुढे राहिलेला माणूस मागच्या सीटवर बसायला तयार होईल का, ही आम्हाला धास्ती. तुम्ही बसलात, आणि पहिल्याच चढाला माझ्या पाठीवर टिचकी मारलीत: गिअर चुकलाय. चुकलाच होता.

मागच्या महिन्यात पहाटे टँडेम पंक्चर झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी काढतो." आमच्यातल्या एकाचा हात पुढे गेला. त्याचं मनगट मी इतकं जोरात धरलं की तो अजून दाखवतो सगळ्यांना. टायर लिव्हर दोनदा निसटला. तुमचं बोट टायरच्या आतून फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. सात जण उभे होतो आणि एकालाही घाई नव्हती. चाळीस मिनिटं झाली असतील, नसतील. मी टॉर्च धरला होता. मधेच तुमचा तो आता बसका झालेला आवाज आला, "सरक जरा. सावली पडतेय."

सरकले, काका.

रविवारी पावणेसहाला येतो. पॅच संपलेत, ते मी आणते. पंप तुमचाच घ्या, माझा तुम्हाला आवडत नाही. टॉर्च आहे माझ्याकडे.