आबांचं इंजिन गार असताना कसं वाजायचं?

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर चालू आहे, पावसाने घाटात दोनदा झाड पाडलं एवढीच बातमी. हे फोनवर सांगून होणारं नाही, तुझी रेंज जाते आणि मग तू नुसतं हां हां करत बसतोस. म्हणून टाइप करतोय. जेवणाच्या सुट्टीत वाच, गाडी चालवताना नको.

आबांच्या होडीचं इंजिन बोंबलतंय रे.

31 जुलैला मासेमारीची बंदी संपते म्हणून आधीच खळ्यात पिंप भरून इंजिन लावलं, नवीन प्लग, पेट्रोल ताजं, ऑइल 50 ला 1. दोरी ओढली तर पेटलं आणि पेटल्यापेटल्या थेट वर चढलं. न्यूट्रलला. थ्रॉटल पूर्ण बंद. एक्झॉस्टने पिंपातलं पाणी अंगावर उडायला लागलं, शेजारची कुत्री भुंकायला लागली, आणि आमच्या नितूचा हात गिअरकडे गेला, त्याला वाटलं लोड आला की खाली उतरेल. मी तशीच किल स्विचची लाल दोरी खेचली. तेवढ्या स्पीडला गिअर टाकला असता तर आतल्या क्लच डॉगचे, म्हणजे गिअर अडकवणाऱ्या तुकड्याचे, दात गेले असते. आणि हे दांडीच्या किनाऱ्यावर पाण्यात झालं असतं तर? होडी ढकलायला मागे दोघंतिघं कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात, पंखा तिथेच. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

सकाळपासून जो येतो तो एकच सांगतो, स्क्रू मार, आयडल (थ्रॉटल बंद असतानाचा स्पीड) कमी कर. एक मेकॅनिक तर स्क्रू ड्रायव्हर काढूनच आला होता. मी हात धरला त्याचा. स्क्रू बंदीच्या आधी होता तिथेच होता, मार्किंग आहे त्यावर, तूच नेलपॉलिशने केलेलं (ते ताईचं होतं आणि मार मी खाल्ला, हे विसरू नकोस). स्क्रू हलला नाही आणि स्पीड वाढला, मग दोष स्क्रूत कसा असेल? आबा काय म्हणायचे, "बोंब मारता मगे खयसून तरी वारो खाता हा." म्हणजे कुठून तरी हवा आत शिरतेय. तेच डोक्यात धरून बसलो.

आधी थ्रॉटलची केबल इंजिनाकडून सोडली. तरी तेवढंच. म्हणजे केबल, लिव्हर, कंट्रोल बॉक्स सगळं निर्दोष. मग एअर बॉक्स काढून बॅटरी मारून बघितलं, तिन्ही कार्ब्युरेटरची फुलपाखरं (हवेच्या झडपा) नीट मिटलेली, मीठ नाही, स्प्रिंग ओढून घेतेय. मग चोक अर्धा ओढला आणि बाळ्या, आवाज खाली आला! तिथेच कळलं की पेट्रोल कमी पडतंय आणि हवा जास्त शिरतेय. मग तेलाच्या कुपीने एकेका जोडावर ऑइलचे थेंब सोडत गेलो, वरचा काही नाही, मधला काही नाही, खालच्या कार्ब्युरेटरच्या फ्लँजवर, म्हणजे तो इंजिनाला बसतो त्या जोडावर, थेंब पडला तो डोळ्यांदेखत आत ओढला गेला, बारीक सीऽऽ करून, आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरत खाली बसलं. थोडा निळा धूर, आणि परत हळूहळू वर. नितूला बोलावून परत करून दाखवलं. तो म्हणतो व्हिडिओ काढूया, मी म्हटलं आधी कान दे.

गॅस्केट उघडल्यावर एका कडेने बिस्किटासारखं तुटून हातात आलं, दोन महिने कोरडं पडून आक्रसलेलं. आणि खालचा प्लग पांढराफटक, वरचे दोन छान चॉकलेटी. म्हणजे खालचा सिलिंडर उपाशी चालला होता. हे त्या स्क्रूवाल्यांना समजावताना माझा घसा सुकला, की टू-स्ट्रोक आहे, ऑइल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, स्क्रू मारून आवाज गप्प केला असता आणि आचऱ्याच्या पुढे कुठेतरी पिस्टन धरला असता. वल्ही मारत यायचं मग, वारा असेल तर तेही नाही. मला याचा फार राग येतो, आजार तसाच ठेवून कण्हणं बंद करायचं ही कसली दुरुस्ती.

आता खरी काळजी ऐक. नवीन गॅस्केट टाकलं, प्लगच्या वायरला गुंडाळायचा मीटर मागून आणला. गरम झाल्यावर मिनिटाला 950 फेरे, एकदम सुरेख, थंड करायचं पाणीही नीट मारतंय. पण गार असताना सुरू केलं की 1700 पर्यंत जातं, मिनिट दोन मिनिटं तिथे राहतं आणि मग उतरतं. पहिल्या दिवशी याहून कितीतरी वर होतं, त्या मानाने काहीच नाही. काही मॉडेलना गार असताना ठिणगीचं टायमिंग आपोआप पुढे असतं, गरम होईपर्यंत थोडं वर चालणं नॉर्मल असतं, हे मला माहीत आहे. पण क्रँकचा खालचा सील (दांड्याभोवतीचं रबरी कडं) गेला असला तरी हवा अशीच शिरणार, आणि तिथे थेंब सोडायला हात पोचत नाही. खात्री करायची तर पॉवरहेड, म्हणजे इंजिनाचा वरचा मुख्य भाग, उतरवायचं, प्रेशर देऊन बघायचं. जुने बोल्ट, खारं पाणी, एक जरी आत तुटला तरी अख्खा ऑगस्ट गेला.

आणि हे कोणाला विचारू? मी आबांबरोबर जायचो ते होडी पाण्यात गेल्यावर, इंजिन तापलेलं असायचं. पहाटे गार इंजिन सुरू करताना त्यांच्या शेजारी तू असायचास. पेटल्यावर ते जरा वर जाऊन मग बसायचं का, की पहिल्यापासून शांत? ते बिडी पेटवून झाल्यावरच गिअर टाकायचे, हे मला आठवतंय. इंजिन उतरायची वाट बघत असायचे, की नुसती सवय होती? आठव नीट. तू ते इंजिन रत्नागिरीच्या गिऱ्हाईकाला द्यायला निघाला होतास तेव्हा आपण बारा दिवसांच्या मांडवात भांडलो, काकूंनी दोघांना बाहेर काढलं. तो विषय मी उकरत नाही. पण इंजिन इथे राहिलंय तर ते आबांच्या वेळी वाजायचं तसंच वाजलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुझं काय चाललंय? मस्कतची नवीन खोली मिळाली का, छोटीची शाळा सुरू झाली असेल, वहिनींना सांग कोकम पाठवतोय. सुट्टी नारळी पौर्णिमेला जुळव, जेट्टीवर बायकांची नारळ लढवायची स्पर्धा आहे, ताईने आतापासून टणक नारळ बाजूला काढलेत. आणि तो दहाचा पाना तूच हरवलास, मी अजूनही त्यावर ठाम आहे.

पहाटेचं गार स्टार्टचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय, पेटल्यापासून खाली बसेपर्यंत पूर्ण. हेडफोन लावून ऐक, वर्कशॉपच्या आवाजात नको. आबांच्या वेळी असंच होतं म्हणालास तर मी बोल्टला हात लावत नाही. नाही म्हणालास तर रविवारी पॉवरहेड उतरवतो, आणि मग सीलचा सेट तिकडून येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव, इथे मिळतोय तो मला पसंत नाही. शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
दाद्या

ता.क. टाकीच्या नळीवरचा पेट्रोल दाबायचा रबरी बल्ब पण बदललाय, ते परत विचारू नकोस.