ब्रेक ऑइल गळतीतून झालेल्या अपघाताची जबाबदारी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मोटार उत्पादक कंपनी

प्रत माहितीसाठी: सर्व्हिस व्यवस्थापक, अधिकृत वर्कशॉप, कोल्हापूर

विषय: पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक होजच्या (ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळीच्या) जोडातून झालेली गळती, त्यातून २२ मे रोजी पन्हाळा रस्त्यावर झालेला अपघात आणि आपले २ जूनचे उत्तर.

महोदय,

आपले २ जूनचे उत्तर मिळाले. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. ब्रेक ऑइलची पातळी पाहणे ही मालकाची जबाबदारी आहे; घाटात सतत ब्रेक दाबल्याने ऑइल तापून पेडल खाली गेले असावे; आणि अपघाताची भरपाई विमा कंपनी देईल, त्यामुळे वर्कशॉपचा संबंध उरत नाही. तिन्ही मुद्दे आम्हाला मान्य नाहीत. का मान्य नाहीत ते सुट्या भागांसह आणि आकड्यांसह लिहीत आहोत. पुढचे उत्तरही त्याच पातळीवर यावे, ही अपेक्षा आहे.

आधी घडले ते थोडक्यात. ३ मे रोजी ४८,२१० किमीवर आपल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पुढचे ब्रेक पॅड, पुढच्या डाव्या कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) होज आणि ब्रेक ऑइल बदलले. ११ मे रोजी ४८,४७६ किमीवर 'पेडल मऊ लागते' या तक्रारीसाठी गाडी पुन्हा तिथेच दिली. जॉब कार्डवर 'ब्रेक ऑइल टॉप-अप ६० मिली, रोड टेस्ट ओके' अशी नोंद आहे. सर्व्हिस ॲडव्हायझरने तोंडी सांगितले, 'पॅड नवे आहेत, बसायला वेळ लागतो.' २२ मे रोजी ४८,८५२ किमीवर पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या अलीकडे ब्रेकचा लाल दिवा लागला. पुढच्या वळणावर पेडल जवळजवळ तळाला गेले, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि समोरून चढ चढणाऱ्या दुचाकीला धडकली. दुचाकीस्वाराच्या पायाचे हाड मोडले.

आता जोडाविषयी. ब्रेक होजचे टोक म्हणजे भोक असलेली एक कडी असते. ती बँजो बोल्टने, म्हणजे आतून पोकळ बोल्टने, कॅलिपरवर आवळतात आणि कडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर बसतो. बोल्ट आवळला की मऊ तांबे दाबले जाते आणि दोन्ही पृष्ठभागांवरच्या बारीक ओरखड्यांत शिरते. सील होते ते त्या दाबले जाण्यातूनच. एकदा दाबलेले तांबे कडक होते, त्यावर कडीच्या काठाची खाच उमटते आणि दुसऱ्यांदा ते तसे पसरत नाही. म्हणून होज सुटला की वॉशर नवे टाकायचे, हा नियम आहे. काही ठिकाणी जुना वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकतात. त्याने तांबे मऊ होते, पण खाच जात नाही. ब्रेकच्या जोडात ही तडजोड चालत नाही.

२४ मे रोजी मोटार वाहन निरीक्षक, विमा कंपनीचा सर्व्हेअर आणि तुमच्या वर्कशॉपचा प्रतिनिधी अशा तिघांसमोर हा जोड उघडला. बोल्ट सैल करण्याआधी त्यावर आणि कॅलिपरवर खूण केली होती. निघालेला आतला वॉशर उजेडात तिरका धरला की त्यावर दोन वर्तुळे स्पष्ट दिसतात. एक रुंद, गुळगुळीत आणि मधोमध बसलेले. दुसरे त्याला छेदून जाणारे, साधारण अर्धा मिलिमीटर एका बाजूला सरकलेले. हा वॉशर दोन वेळा आवळला गेला आहे. मायक्रोमीटरने जाडी एका बाजूला १.२८ मिमी आणि समोरच्या बाजूला १.२१ मिमी भरली. जाड बाजूलाच, दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात तिथे, ऑइल बाहेर येण्याची काळी रेघ आहे. वॉशर तापवून मऊ केल्याची खूणही त्यावर नाही. आमचा रोजचा व्यवसाय उद्यमनगरात मशिनिंगचा आहे. सीलिंगचा पृष्ठभाग वाचायला आम्हाला कोणाची मदत लागत नाही, पण तुम्हाला शंका असेल तर तो वॉशर सीलबंद आहे, कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा.

३ मे च्या बिलात होज एक, पॅड एक संच आणि ब्रेक ऑइल अर्धा लिटर आहे. वॉशर नाहीत. होजच्या पाकिटातच नवे वॉशर येत असतील तर ते कुठे गेले? येत नसतील तर होज स्टोअरमधून निघताना दोन वॉशर सक्तीने निघतील अशी सोय तुमच्या पार्ट्स यादीत का नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्कशॉपने द्यायचे आहे, दुसऱ्याचे कंपनीने. दोन्ही उत्तरे वेगवेगळी आणि लेखी हवीत.

आमच्या मते खरी गंभीर गोष्ट ११ मे ची आहे. पहिली चूक हातातून झाली असेल, दुसरी समजून उमजून झाली. ब्रेकची प्रणाली बंद असते, त्यात ऑइल खर्च होत नाही. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते, ते स्वाभाविक. पण आठ दिवसांपूर्वी पॅड नवे टाकले असताना, २६६ किमीमध्ये ६० मिली ऑइल कमी होण्याचे एकच कारण उरते, ते म्हणजे गळती. तेव्हा गाडी लिफ्टवर घेऊन चारही चाकांची आतली बाजू टॉर्चने पाहणे, एकाला पेडल जोरात दाबून धरायला लावून जोडांवर कोरडा कागद फिरवणे, एवढेच करायचे होते. दहा मिनिटांचे काम. त्याऐवजी टाकी भरली. भरलेल्या टाकीने गळती झाकली आणि मालकाच्या हातातली एकमेव सूचना पुसली गेली.

'मालकाने पातळी पाहायला हवी होती' या मुद्द्याचा हिशेब इथेच लागतो. ६० मिली २६६ किमीमध्ये गेले, तर त्याच गतीने पुढच्या ३७६ किमीमध्ये सुमारे ८५ मिली जाते. आमच्या गाडीच्या टाकीत वरच्या आणि खालच्या रेषेत साधारण १०० मिली अंतर आहे. म्हणजे २२ तारखेला सकाळी पातळी खालच्या रेषेच्या वरच होती. तुमच्याच माहितीपुस्तिकेप्रमाणे दोन रेषांमधली पातळी योग्य असते, आणि त्या पातळीला दिवाही लागत नाही. शहरात ब्रेक हलका आणि क्षणभर दाबला जातो, जोड ओला होतो आणि थांबतो. पन्हाळ्याच्या उतारावर तोच जोड मिनिटामिनिटाला जास्त दाबाखाली येतो. कित्येक दिवसांत जेवढे गळले नव्हते तेवढे एका उतारात गळले.

ऑइल तापून उकळले, हा तुमचा दुसरा तर्क. डॉट-४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३०° आणि पाणी शोषल्यानंतरचा किमान १५५° सेल्सिअस असावा लागतो. ऑइल एकोणीस दिवसांपूर्वी तुम्हीच बदलले. इतक्या ताज्या ऑइलमध्ये वाफ धरली असेल, तर ते उघड्या डब्यातले, हवेतला ओलावा प्यायलेले ऑइल होते असा अर्थ निघतो, आणि तोही दोष वर्कशॉपचाच. मात्र तसे झालेले नाही. वाफ धरली तर ब्रेक थंड झाल्यावर पेडल पुन्हा वर येते आणि टाकीतली पातळी कमी होत नाही. इथे गाडी दोन दिवस उभी राहिल्यावरही पेडल तळालाच होते. टाकीच्या दोन कप्प्यांपैकी एक रिकामा होता, दुसऱ्यात ऑइल होते.

त्यावरूनच गाडी उजवीकडे का गेली तेही कळते. या मॉडेलचे ब्रेक तिरपे विभागलेले आहेत. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एका फेरीत (ऑइलच्या स्वतंत्र मार्गात), पुढचे उजवे आणि मागचे डावे दुसऱ्या फेरीत. डावी-पुढची फेरी रिकामी झाली की पेडल लांब जाते, निम्मे ब्रेक उरतात आणि पुढचे एकटे उजवे चाक गाडीला उजवीकडे खेचते. आमच्या चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदला आहे, कारण गाडी समोरच्या बाजूला गेलेली पंचनाम्यात दिसते. ती त्याने वळवली नव्हती. एका माणसाच्या माथी बेदरकारपणाचा शिक्का बसणार की नाही, हे या वॉशरवर ठरणार आहे. म्हणून हा मुद्दा आम्ही सोडणार नाही.

होज अपघातात ताणला गेला, असेही कोणी म्हणू शकेल. होजला चीर नाही. उलट चाकाच्या आतल्या बाजूला पॅडची धूळ ऑइलमध्ये कालवून थरावर थर बसले आहेत आणि कॅलिपरच्या ब्रॅकेटवरचा रंग फुगून सुटला आहे. ब्रेक ऑइल रंग खाते, पण इतके थर आणि असा सुटलेला रंग एका क्षणात तयार होत नाहीत. गळती कित्येक दिवसांची आहे.

आता कायद्यातली जबाबदारी. इथे दोन वेगळी नाती एकत्र मिसळली जात आहेत.

जखमी दुचाकीस्वारासमोर आम्ही जबाबदार आहोत, आणि ते आम्ही नाकारत नाही. दोष कोणाचा हे सिद्ध होण्याची वाट त्याने पाहण्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीसाठी दोष सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळतात, किंवा कलम १६६ खाली तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पूर्ण दावा करू शकतो. त्याच्यासमोर 'ब्रेक अचानक गेले' एवढे सांगून मालक सुटत नाही. दोष छुपा होता आणि सर्व वाजवी काळजी घेऊनही तो कळला नसता, हे मालकानेच सिद्ध करायचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे. इंग्लंडमध्ये १९६९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेला खटला तर ब्रेकच्या गंजलेल्या पाइपातून ऑइल गळाल्याचाच होता, आणि तिथेही मालकाला 'पाइप दिसत नव्हता' एवढ्यावर सुटता आले नाही. गाडीतून गळणाऱ्या द्रवाचा विषय आपल्याकडेही नवा नाही. १९८७ मध्ये मुंबई–बंगळूर महामार्गावर उलटलेल्या टँकरमधून पेट्रोल गळून काही तासांनी भडका उडाला होता. ती हानीसुद्धा मोटार वाहनाच्या वापरातूनच झाली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये धरले.

दुसरे नाते आमचे आणि तुमचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८५ प्रमाणे सेवा सदोष किंवा अपुरी असेल, हयगय झाली असेल किंवा माहिती जाणीवपूर्वक दडवली असेल आणि त्यातून हानी झाली असेल, तर सेवा देणारा जबाबदार असतो. जुना वॉशर वापरणे ही हयगय आहे. गळती शोधण्याऐवजी टाकी भरणे आणि 'पॅड बसतील' असे सांगणे, हे त्याहून पुढचे आहे. गाडीच्या उत्पादनात दोष आहे असा आमचा दावा नाही, त्यामुळे उत्पादकाच्या जबाबदारीचे कलम ८४ आम्ही ओढूनताणून आणत नाही. पण दारावर कंपनीची पाटी, कंपनीचे प्रशिक्षण, कंपनीचेच पार्ट्स, आणि जबाबदारी आली की 'डीलर स्वतंत्र आहे', ही भूमिका प्रामाणिक नाही.

तुम्ही असुरक्षित स्थितीतली गाडी वापरण्याबद्दलचे मोटार वाहन कायद्याचे कलम १९० दाखवले आहे. ते पूर्ण वाचा. जो दोष माहीत होता किंवा सर्वसाधारण काळजी घेतली असती तर कळला असता, त्यालाच ते लागू होते. पेडल मऊ लागताच गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेणे, याहून जास्त सर्वसाधारण काळजी मालकाने कोणती घ्यायची?

विम्याबाबत एवढेच. विमा कंपनी पैसे देते म्हणून दोष नाहीसा होत नाही. आमचा ४५ टक्के नो क्लेम बोनस गेला, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला गेला आणि सक्तीची वजावट खिशातून गेली. विमा कंपनीने जे दिले ते तिने तुमच्याकडून वसूल करायचे की नाही, हा तिचा प्रश्न.

आमच्या मागण्या अशा. विम्यातून न मिळालेली दुरुस्तीची रक्कम, गेलेल्या बोनसचा फरक आणि गाडी बंद असलेल्या दिवसांचे भाडे द्यावे. ३ आणि ११ मे ची मूळ जॉब कार्डे, काम करणाऱ्या तंत्रज्ञाची प्रशिक्षण नोंद, टॉर्क रेंचचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, स्टोअरची निर्गम नोंदवही आणि दोन्ही दिवसांचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. यातले काही नष्ट झाले तर ते आमच्या बाजूचा पुरावा म्हणून ग्राहक आयोगासमोर मांडू. चालकाच्या बचावासाठी ११ मे च्या नोंदीची प्रमाणित प्रत आठ दिवसांत द्यावी.

आणि एक मागणी आमच्यासाठी नाही. या वर्कशॉपमधून गेल्या सहा महिन्यांत ब्रेकचे किती होज निघाले आणि तांब्याचे किती वॉशर निघाले, याचा हिशेब नोंदवहीतून अर्ध्या तासात काढता येतो. होजच्या दुप्पट वॉशर निघायला हवेत. जिथे ते निघाले नाहीत, त्या प्रत्येक गाडीच्या मालकाला आजच फोन करून गाडी बोलवा, जोड उघडा, वॉशर बदला. पावसाळा तोंडावर आहे. आंबा, फोंडा आणि गगनबावड्याकडच्या घाटांत या गाड्या रोज उतरत आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करू. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठे आहे हा प्रश्न येत नाही. होजचा हिशेब मात्र पंधरा दिवस थांबवू नका.

कळावे,

आपले,
गाडीचे मालक व भागीदार,
उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: दोन्ही जॉब कार्डे व बिलाच्या प्रती, मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल, पंचनाम्याची प्रत, वॉशरची मोजमापे व छायाचित्रे.