‘संशोधनात सिद्ध’ एवढ्यावर भागवू नका

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी गडचिरोली जिल्ह्यात गटप्रवर्तक, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्तींच्या कामावर देखरेख करणारी, म्हणून काम करते. आमच्याकडे वृत्तपत्रातली आरोग्याची बातमी मन लावून वाचली जाते. टपरीवर एक अंक दहा जणांच्या हातून फिरतो, कुणी कात्रण कापून ठेवतं, कुणी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकतं. म्हणूनच आपल्याला कळकळीची विनंती आहे. ‘संशोधनात सिद्ध’ असं मथळ्यात छापताना ते संशोधन कसं झालं, हेही दोन ओळींत छापा. ते ठाऊक नसेल तर असा मथळा देऊ नका.

मागच्या हिवाळ्यात एका घरी गृहभेटीला गेले होते. घरातल्या मुलाला सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि तोही आई-बाप दोघांकडून आलेला, एसएस पॅटर्न. आईने कागदांची प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत सिकलसेलचं कार्ड, रक्ततपासणीचे रिपोर्ट आणि त्यांच्यामध्ये एका वृत्तपत्राचं घडी घातलेलं कात्रण. घडीवरची अक्षरं पुसट झाली होती, पण एका काढ्याने सिकलसेल बरा होतो, असं सांगणारा मथळा ठळक होता. घरच्यांनी मुलाची हायड्रॉक्सियुरियाची, म्हणजे हा त्रास कमी करणाऱ्या औषधाची, कॅप्सूल बंद करून तो काढा सुरू केला होता. मी विचारलं तर आई म्हणाली, “पेपरात आलं होतं न जी ताई. खोटं कायले छापतीन?” कात्रण मी तिथेच बसून वाचलं. काढा किती जणांना दिला, किती दिवस दिला, ज्यांना दिला नाही त्यांचं काय झालं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ‘बहुतेकांना आराम पडला’ एवढंच, आणि शेवटी मागणीसाठी मोबाइल नंबर. पुढे मुलाला क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा तीव्र झटका, आला. पाठ आणि पाय धरून तो रात्रभर रडला आणि शेवटी भरती करावं लागलं.

त्या आईला मी दोष देणार नाही. ‘आराम पडला’ हे वाक्य खोटं नसेलही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. सिकलसेलचं दुखणं सारखं एकाच पातळीवर राहत नाही. थंडीत, पाणी कमी पडलं की, ताप आला की उसळतं आणि काही दिवसांनी उतरतं. माणूस नवा उपाय धरतो तो दुखणं टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं पुष्कळदा आपल्या चालीनेच खाली येतं, मग त्याचं श्रेय जे हाती असेल त्याला मिळतं, मग तो काढा असो, गंडा असो की डॉक्टरची सुई. जानेवारीत काढा सुरू केला आणि मार्चमध्ये बरं वाटलं, यावरून काढ्याचा गुण कळत नाही. तो कळायला शेजारी काढा न घेतलेले तसेच रुग्ण लागतात.

धानाचा शेतकरी हे जाणतो. नवं बियाणं आलं तर तो एका बांधीत नवं आणि लागून असलेल्या बांधीत जुनं लावतो. पाऊस तोच, माती तीच, मग कापणीला फरक दिसतो. औषधाची खरी चाचणी याहून वेगळी नसते.

हायड्रॉक्सियुरियाची अशीच चाचणी झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या 299 प्रौढ रुग्णांचे चिठ्ठी काढावी तसे दोन गट पाडले. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं, उपचार करणाऱ्यालाही नाही. 1995 मध्ये निकाल छापून आला. औषधाच्या गटात वर्षाला साधारण अडीच क्रायसिस, दुसऱ्या गटात साडेचार. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पण ते रुग्ण तिकडचे होते आणि प्रौढ होते. आपल्याकडचा सिकलसेल काही बाबतींत वेगळा आहे, आणि इथे प्रश्न लहान मुलांचा होता. म्हणून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी 60 मुलांवर, कमी मात्रेत, पुन्हा चाचणी घेतली आणि ती 2012 मध्ये प्रसिद्ध केली. तिथेही गुण दिसला. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावं लागतं, हेही आपल्याला अशा चाचण्यांमुळेच ठाऊक आहे. त्या कात्रणात ‘कोणताही दुष्परिणाम नाही’ असं लिहिलं होतं. दुष्परिणाम कुणी मोजलेच नसतील तर ते दिसणार कुठून?

वैदूच्या औषधांबद्दल माझ्या मनात अढी नाही. आमच्या जंगलात गुणी वनस्पती आहेत. माझं म्हणणं एवढंच की काढा असो वा कॅप्सूल, प्रश्न तेच विचारले जावेत.

चांगलं संशोधन कसं असतं हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच जिल्ह्यातल्या 39 गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदवले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते प्रसिद्ध केलं. यातही एक उणीव होती. गावं चिठ्ठी टाकून निवडलेली नव्हती. पुढे बांगलादेशात सिल्हेटला गावांचे गट चिठ्ठीने पाडून असाच प्रयोग झाला, तेव्हा घट 34 टक्क्यांची निघाली. आकडा खाली आला, पण उपाय खराच आहे हे पक्कं झालं. एकाच ठिकाणच्या, एकाच अभ्यासाच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये, ते यासाठी. 2011 पासून देशभरातल्या आशा हे काम करतात. माझ्या गटातली आशा बाळंतिणीच्या खाटेशी बसून बाळाचं पोट एक मिनिट खाली-वर होताना मोजते, श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर दुसऱ्यांदा मोजते, आणि तरीही तेवढेच भरले तर लगेच दवाखान्याची चिठ्ठी लिहिते. एवढ्या तपासणीतून गेलेली गोष्ट आहे म्हणून मी तिला ठामपणे सांगू शकते की हे चुकवू नकोस.

आणि संशोधन हाताशी असून वाचलं गेलं नाही, तर काय होतं ते 2021 च्या एप्रिल-मे मध्ये, कोरोनाच्या लाटेत पाहिलं. प्लाझ्मासाठी, म्हणजे कोरोनातून बरं झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, लोकांची कोण धावपळ! घरात माणूस ऑक्सिजनवर आणि मुलगा नागपूरला दाता शोधत फिरतोय. वृत्तपत्रांतून आवाहनं छापून येत होती. प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत, हे तोवर आपल्याच देशात तपासून झालेलं होतं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर केलेली चाचणी 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघाला तो मे 2021 मध्ये. मधल्या महिन्यांत ती बातमी मोठ्या अक्षरांत गावोगाव पोहोचली असती तर कित्येक घरांचा पैसा आणि शेवटचे दिवस या वणवणीत गेले नसते. मला याचा आजही संताप येतो.

मोठ्या नियतकालिकाचं नाव हीही पुरेशी हमी नाही. मे 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तेव्हा कोरोनावर दिल्या जाणाऱ्या मलेरियाच्या औषधावर सुमारे 96 हजार रुग्णांचा अभ्यास छापला. मूळ माहिती तपासायला मागितली तेव्हा ती मिळेना, आणि दोन आठवड्यांत लेख मागे घ्यावा लागला. पहिली बातमी सगळीकडे झळकली होती. मागे घेतल्याची बातमीही त्याच जागी, त्याच आकारात यायला हवी.

टक्केवारीचं तसंच. ‘धोका निम्म्याने घटला’ हे हजारात दोनाचा एक झाला तरी खरं असतं आणि दोनशेचे शंभर झाले तरी खरं असतं. वाचकाला हजारात किती, ते सांगा. आणि अभ्यासाचा खर्च कुणी उचलला तेही सांगा. औषध विकणाऱ्यानेच पैसे दिले म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, पण वाचताना ते ठाऊक असायला हवं.

हे विचारणं आपल्या वार्ताहरांना अवघड नाही. 2009 पासून देशातल्या औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही फुकट बघता येते. चाचणीत काय मोजायचं ठरलं होतं हे तिथे आधीच लिहिलेलं असतं. ठरवलं एक आणि निकालात सांगितलं भलतंच, असं झालं तर ते तिथे पकडता येतं. ‘संशोधन झालंय’ म्हणणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि बातमीत द्या. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याएवढ्याच अक्षरांत येऊ द्या. कोपऱ्यातली बारीक अक्षरं आमच्या म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत.

दर बातमीखाली किती रुग्ण, तुलना कशाशी, कुठे प्रसिद्ध झालं, पैसा कुणाचा, एवढं दोन ओळींत द्यावं. विचारूनही माहिती मिळाली नसेल तर ‘माहिती मिळाली नाही’ असं स्पष्ट छापावं. आमच्या आशांच्या मासिक बैठकीत आपलं आरोग्य पान मोठ्याने वाचलं जातं. या दोन ओळी असल्या तर कोणती बातमी गावात सांगायची आणि कोणती बाजूला ठेवायची, हे आम्हाला तिथल्या तिथे ठरवता येईल.

आपली,
एक गटप्रवर्तक
जि. गडचिरोली